बायकोचा आवाज थांबवण्याचे माझे तीन प्रयत्न

शारजात, रोल्ला भागातल्या एका सुपरमार्केटात मी 'कॉम्प्युटरवाला' होतो. व्हिजावर हुद्दा स्टोअरकीपरचा होता, पण तिकडे व्हिजावरचा हुद्दा आणि माणसाचं काम यांची गाठ पडलेली मी फारशी पाहिली नाही. गल्ल्यावरचं मशीन रुसलं की त्याच्या पाठीत धपाटा घालायचा, प्रिंटरच्या घशात अडकलेला कागद ओढून काढायचा, आणि उरलेल्या वेळात प्रोग्राम लिहायचे, हे माझं काम.

प्रोग्राम लिहायला तेव्हा एक फार गोंडस साधन आलं होतं. त्यात पडद्यावर एक खिडकी घ्यायची, तिच्यावर हवी तिथे बटणं ओढून ठेवायची, रंग द्यायचे. रांगोळी काढल्यासारखं काम. त्या साधनाच्या पेटीत एक चिमुकलं घड्याळही असायचं. ते खिडकीवर टाकलं, की ठरलेल्या वेळाने ते आपल्याला हाक मारणार आणि आपण लिहून ठेवलेलं काम होणार. दर सेकंदाला म्हणा, दर मिनिटाला म्हणा. मी या घड्याळाच्या प्रेमात होतो. नको तिथेही मी ते वापरायचो. दुकानाच्या स्टॉकच्या प्रोग्रामात कारण नसताना मी एक मासा डावीकडून उजवीकडे पोहायला लावला होता. स्टॉक चुकायचा, मासा कधी चुकला नाही.

तर त्या सुमारास बायको आणि पाच वर्षांची मुलगी व्हिजिट व्हिजावर माझ्याकडे आल्या होत्या. माझ्या पगारात फॅमिली व्हिजा बसत नव्हता. सरकारने ठरवलेल्या आकड्याच्या मी जरासा खाली होतो, उंबरठ्याला नाक लावून. मालकाने पगार वाढवल्याचं पत्र सही करून दिलं तर दोघी कायमच्या राहणार, नाहीतर मुदत संपली की सांगलीला परत. मुदत एकदा वाढवून झाली होती, आणि वाढवलेलीही आता संपत आली होती. मुलगी मात्र शेजारच्या केजीत जाऊन 'वॉटर प्लीज' म्हणायला लागली होती.

मालकाला तिकडे अरबाब म्हणतात. आमचे अरबाब म्हातारे, बारीक, पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यातले. तरुणपणी मुंबईच्या व्यापाऱ्यांशी त्यांचा व्यवहार होता, त्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा चांगलं. मी पत्राचा विषय काढला की ते म्हणत, "इन्शाल्ला." या शब्दाचा अर्थ मी आमच्या मॅनेजरला विचारला. मॅनेजर त्रिशूरचा, शारजात वीस वर्षं मुरलेला. तो म्हणाला, "अरबाब हँसके बोला तो हो जाएगा. बिना हँसके बोला तो तुम टिकट देखो."

"तो अरबाब हँसा था क्या?" मी विचारलं.

"मूंछ में दिखता नहीं है, भाई."

एके दिवशी अरबाब दुबईतल्या कुठल्याशा भव्य मॉलमध्ये गेले आणि तिथे छतातून बोलणारी बाई ऐकून आले. आल्या आल्या मला वर बोलावलं. "वो औरत दिन भर बोलती है. कौन सा माल ताजा, कौन सा सस्ता. थकती नहीं. अपने दुकान में भी चाहिए. तुम्हारा मशीन बोल सकता है?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "मशीन बोलेगा, अरबाब."

"लेकिन अजान के टाइम एकदम चुप. बाजू में मस्जिद है. अजान शुरू, तो बंद. हम लोग नमाज पढ़के आएगा, फिर चालू. ये ठीक से हो गया, तो वो तुम्हारा कागज ले आओ."

आणि हसले. मिशीतसुद्धा दिसलं.

अजान सुरू झाली की गाणी, टीव्ही, सगळं बंद करायचं हा तिथला साधा रिवाज. टॅक्सीवालासुद्धा कॅसेट थांबवतो. त्यात अवघड काय? मी जिना उतरेपर्यंत प्रोग्राम डोक्यात तयार होता. घड्याळ होतंच, छतातले स्पीकर आणि गल्ल्यावरचा माइकही दुकानात आधीपासून होता. राहिला आवाज.

मॅनेजर स्वतःचा आवाज द्यायला एका पायावर तयार होता, पण त्याने "टमाटर" म्हटलं की त्यात चार ट आणि सहा र ऐकू येत. मग मी बायकोला विचारलं. ती कॉलेजात स्नेहसंमेलनाचं निवेदन करायची.

"काय बोलायचं?" तिने विचारलं.

मी कागद पुढे केला. तिने वाचला आणि माझ्याकडे पाहिलं. "अहो, यात मासे आहेत."

"हमूर. इथला लाडका मासा आहे."

"मी जन्मात मासा खाल्ला नाही आणि लोकांना सांगू, या, खा?"

"अगं, फॅमिली व्हिजासाठी माणसं काय काय करतात."

पंधरा दिरहमचा माइक, म्हणजे आपले पावणेदोनशे रुपये, असं मोठ्याने म्हणत मी आणला. रेकॉर्डिंग घरीच केलं. एसीची घरघर आवाजात येते म्हणून एसी बंद, रस्ता ऐकू येतो म्हणून खिडकी बंद, आणि महिना ऑगस्टचा. घामाने निथळत बायको म्हणत होती, "आइए, ताजी ठंडी लबन का आनंद लीजिए," लबन म्हणजे तिकडचं ताक, आणि त्या वाक्यात जी आर्तता आली ती कुठल्याही नटीला जमली नसती. हमूर मात्र तिने इतक्या जिव्हाळ्याने म्हटला, की लग्नानंतर माझं नाव तिने त्या सुरात कधी घेतलं नव्हतं. अर्थात तिने माझं नावच कधी घेतलं नव्हतं, ते एक असो.

प्रोग्राम दोन दिवसांत झाला. प्रत्येक जाहिरातीची वेळ ठरलेली. माझं घड्याळ दर सेकंदाला कॉम्प्युटरमधल्या खऱ्या वेळेशी ताडून बघायचं, कुणाची पाळी झाली का, आणि झाली असेल तर तिचा आवाज सोडायचा. खिडकीवर एक भलंमोठं हिरवं बटण, त्यावर 'अजान'. मॅनेजरने अजान ऐकली की ते दाबायचं.

आता दाबल्यावर घड्याळ थांबवायचं कसं? सरळ मार्ग असा होता, की त्या घड्याळालाच सांगायचं, बाबा रे, तू बंद. एका ओळीचं काम. पण मला एक डोकेबाज युक्ती सापडली होती. पडद्यावर निरोपाचा छोटा चौकोन आणायचा: 'अजान चालू आहे. नंतर ओके दाबा.' हा चौकोन समोर असेपर्यंत बाकी सगळं ठप्प होतं, हे मी पाहून ठेवलं होतं. म्हणजे एका ओळीत थांबवणंही झालं आणि सूचनाही. घरी पुन्हा पुन्हा तपासलं. हिरवं बटण दाबलं की चिडीचूप. ओके म्हटलं की बायको सुरू.

"बघ," मी तिला म्हणालो, "तुला गप्प करायचं बटण."

"खरंच थांबते मी त्यात? का नुसती थांबल्यासारखी दिसते?"

मी तिला समजावून सांगितलं. तंत्रज्ञान न कळणाऱ्यांशी बोलताना आवाजात जो मध घालतात तो घालून सांगितलं. मग प्रोग्रामची पक्की फाइल बनवली, फ्लॉपीवर घेतली, आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवर चढवली.

पहिला दिवस गुरुवारचा, दुकान तुडुंब. बायको मुलीला घेऊन स्वतःचा आवाज ऐकायला आली होती आणि भाजीच्या विभागात उगाच मेथी उलटीपालटी करत होती. छतातून ती सांगत होती, मेथी ताजी आहे. खालून ती बघत होती, तर तितकीशी नव्हती.

संध्याकाळची अजान सुरू झाली. मॅनेजरने ऐटीत हिरवं बटण दाबलं. चौकोन आला. शांतता. अरबाब नमाजाला निघाले होते, दाराशी थांबून त्यांनी छताकडे पाहिलं आणि मान डोलावली. मी पत्राचा मसुदा खिशात चाचपला.

आणि छतातून अतिशय लडिवाळ आवाज आला, "ताजी हमूर! आज ही आई है!"

मेथीजवळ उभ्या असलेल्या बायकोने दोन्ही हातांनी स्वतःचं तोंड दाबलं. छतातली काही थांबेना. मॅनेजर "अय्यो, अय्यो" करत ओके दाबत होता, मग पुन्हा हिरवं, पुन्हा ओके. शेवटी त्याने स्पीकरची वायरच उपटली, तिच्यासोबत च्युइंगमचा स्टँडही आला. तोवर अजान आपल्या गतीने पुढे गेली होती. दोनचार गिऱ्हाइकं गालात हसली, तेवढंच.

अरबाब माझ्याजवळ आले. मी मान खाली घातली. ते हळूच म्हणाले, "बहन को बोलो, थोड़ा साँस ले." आणि नमाजाला गेले. परत आल्यावर पत्राचं विचारलं तर, "इन्शाल्ला." या वेळी मिशी अगदी सरळ होती.

घरी जाताना मुलगी म्हणाली, "बाबा, युवर मशीन इज नॉट लिसनिंग." तिला मी मराठीत रागावलो, तिने इंग्रजीत ऐकून घेतलं.

शुक्रवारी सुट्टी होती. घरच्या कॉम्प्युटरवर मी साधनात प्रोग्राम चालवला. बटण दाबलं. चिडीचूप. काही म्हणता काही चूक नाही. मग सहज म्हणून तीच पक्की फाइल, फ्लॉपीवरची, साधनाच्या बाहेर सुटी चालवली. बटण दाबलं. चौकोन आला आणि त्याच्याखालून, उशीखालून बोलावं तशी, बायको लबन विकू लागली.

तेव्हा उलगडा झाला. साधनाच्या आत चालवताना चौकोन पुढे आला की घड्याळ अदबीने थांबायचं. बाहेर, मोकळ्यावर, तेच घड्याळ चौकोनाला विचारत नव्हतं. आई समोर असेपर्यंत हाताची घडी घालून बसणारं पोर शाळेत काय करतं हे घरी बसून कळत नाही, तसं. आणि मी चाचणी फक्त घरी घेतली होती.

स्वयंपाकघरातून आवाज आला, "थांबल्यासारखी दिसते, म्हटलं होतं ना?"

"तू बोलू नकोस."

"ते बटण कुठेय मग?"

निमूटपणे मी तो चौकोन काढून टाकला आणि पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते केलं: अजानचं बटण दाबलं की घड्याळालाच बंद करायचं, परत दाबलं की चालू. या वेळी फाइल बाहेर चालवून पाहिली. चूप म्हणजे चूप. शनिवारी अरबाबांना सांगितलं, आज बघा.

अजान सुरू झाली. मॅनेजरने कलमा म्हणावा तशा गांभीर्याने बटण दाबलं. छत मुकं. अजान पूर्ण झाली, माणसं गेली, नमाज झाली, माणसं परत आली. दुकानात फक्त फ्रीजची गुणगुण. अरबाब आत येऊन गल्ल्याजवळच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "माशाल्ला." मी मॅनेजरला खूण केली. त्याने बटण दाबलं.

आता माझी अक्कल बघा. घड्याळ थांबलं होतं, पण खरी वेळ थांबली नव्हती. मधल्या काळात ज्यांच्या पाळ्या येऊन गेल्या त्या सगळ्या जाहिराती दाराबाहेर रांग लावून उभ्या होत्या. दार उघडल्याबरोबर दर सेकंदाला एक आत घुसली, आणि प्रत्येकीने आधीचीचा गळा दाबला. माझ्या बायकोच्या गोड आवाजात छतातून आलं ते असं:

"आइए, ताजे... बच्चों के... आज ही कटे हुए... आधे दाम..."

एक आजीबाई ट्रॉलीत नातवाला बसवून चालल्या होत्या. त्यांनी त्याला उचलून कडेवर घेतलं. खबूस, म्हणजे तिकडची रोटी, घ्यायला आलेला एक पठाण टॅक्सीवाला इतका हसला की त्याला खबूसच्या फळीचा आधार घ्यावा लागला. मॅनेजरचा हात आता वायरीपर्यंत आपोआप जात होता.

अरबाब मात्र हसले नाहीत. खुर्चीतून उठत म्हणाले, "खलास. बुधवार को मैं उमरा को जाता है. उसके पहले हो गया तो ठीक." अरबाब मक्केहून परत येणार तेव्हा दोघींची मुदत संपून गेलेली असणार, हे मला माहीत होतं. त्यांना माहीत नव्हतं आणि सांगायची माझी हिंमत झाली नाही. कुठल्या तोंडाने सांगणार? आधे दाम?

घरी आलो तर बायकोने पलंगाखालची बॅग ओढून काढली होती. भरत नव्हती, नुसती उघडून ठेवली होती.

"म्हणजे जायचंच का?" मी विचारलं.

"तुम्ही सांगा. तुमच्या मशीनवर आहे ना सगळं?" हे ती चिडून बोलली असती तर बरं वाटलं असतं. तिने केजीचा युनिफॉर्म घडी करून बॅगेत ठेवला, मग काढला, मग खुंटीला लावला.

मुलीला घेऊन बिल्डिंगच्या पॅसेजमध्ये गेलो. आम्ही पकडापकडी खेळायचो. मी लिफ्टपाशी पोचलो तेवढ्यात पुढे पळणारी ती ओरडली, "टाइम प्लीज!" आणि बुटाची लेस बांधायला बसली. हा शब्द मीच शिकवला होता. ती लेस बांधेपर्यंत मी हळूच जवळ सरकलो, आणि ती उठल्याबरोबर हात पुढे करून तिला पकडलं.

"नो! चीटिंग!"

"चीटिंग काय? टाइम प्लीज संपलं ना?"

"बाबा, यू केम क्लोजर! गो बॅक! यू वेअर देअर!" तिने मला ढकलत मागच्या लिफ्टपाशी नेऊन उभं केलं. "नाऊ प्ले."

मी लिफ्टपाशी उभा राहिलो तो उभाच राहिलो. ती तीन वेळा "नाऊ प्ले" म्हणाली.

कारण आमच्या लहानपणी गल्लीत हाच नियम होता आणि मी तो विसरलो होतो. टाइम प्लीज म्हणजे नुसतं थांबायचं नाही. थांबताना जो जिथे असेल, ते अंतर तसंच्या तसं जपायचं, आणि खेळ सुरू होताना ते परत द्यायचं. माझ्या प्रोग्रामात अजान झाली की खेळ थांबत होता, पण सगळ्या जाहिराती हळूच पुढे सरकून उभ्या राहत होत्या. चीटिंग होतं ते.

उपाय चार ओळींचा निघाला. बटण दाबलं तेव्हाची वेळ लिहून ठेवायची. परत दाबलं की मधे किती वेळ गेला ते काढायचं, आणि प्रत्येक जाहिरातीची पाळी तेवढीच पुढे ढकलायची. लिफ्टपाशी नेऊन उभं करायचं प्रत्येकीला. बायकोला दाखवलं. तिने बटण दाबलं, चहा केला, प्यायला, परत बटण दाबलं. थोडा वेळ काहीच नाही. मग एक कोथिंबीर. बरंच थांबून डायपर.

"हं," ती म्हणाली. एवढंच.

मंगळवारी संध्याकाळी अजान सुरू झाली. बटण. शांतता. नमाज. बटण. मग शांतताच, आणि मग सावकाश, एका वेळी एक, आधी मेथी. दुकानात कुणी वर पाहिलं नाही. कुणी हसलं नाही. पठाण टॅक्सीवाला मुद्दाम मित्राला घेऊन आला होता, तो निराश होऊन खबूस घेऊन गेला.

अरबाब माझ्यासमोरून निघून वर गेले. मी धावलो. "अरबाब, हो गया."

"क्या हो गया?"

"मशीन. अजान में चुप रहा. अभी."

त्यांनी क्षणभर आठवून पाहिलं. "मैंने तो कुछ सुना नहीं."

"वही तो, अरबाब!"

मग मात्र ते हसले, मिशी, दाढी, खांदे सगळ्यांसकट. खिशातून पेन काढून हात पुढे केला. माझ्या खिशातल्या पत्राला एव्हाना इतक्या घड्या पडल्या होत्या, की सही कुठल्या चौकोनात करायची हे त्यांनी विचारून घेतलं. तेव्हा कुठे मी दोघींच्या मुदतीचं बोललो. ते म्हणाले, "घर में बच्चा है, इतना कम टाइम है, ये बात क्यों नहीं किया? पहले दिन बोलता तो पहले दिन देता."

त्या वेळी व्हिजा बदलायचा तर एकदा देशाबाहेर पाऊल टाकून परत यावं लागे. दोघींना मी समोरच्या इराणच्या बेटावर, किशला, पाठवलं. नवा व्हिजा निघेपर्यंत तिथल्या हॉटेलात राहायचं. घर एकदम ओकं झालं. दुकानात मात्र छतातून बायको बोलत होती. मी भाजीच्या विभागात जाऊन उभा राहायचो. आता यात माझी काय चूक सांगा, पण हमूरमधला तो जिव्हाळ्याचा सूर ऐकावासा वाटे, म्हणून मी त्या जाहिरातीची वेळ थोडी जवळ आणली. मग आणखी थोडी.

दोघी परत आल्या तेव्हा मी विमानतळावर होतो. बायकोच्या डोक्याला अजून किशचा स्कार्फ, पासपोर्टात ताजा शिक्का. "तुमच्या कृपेने इराण पाहिला," ती म्हणाली. तेवढ्यात कंपनीने दिलेला विटेएवढा मोबाईल वाजला. मॅनेजर होता, आणि त्याच्या मागून त्याच्यापेक्षा गोड आवाजात बायको.

"भाई! हमूर सुबह से खलास है, और ये हर दो मिनट में बुलाता है! कस्टमर लोग मेरे को खाएगा! बंद कैसे करेगा? अजान का बटन मैं खाली-पीली नहीं दबाएगा!"

बायकोने ऐकलं, कपाळावरचा स्कार्फ मागे सारला आणि मोबाईल माझ्या हातून काढून घेतला. "मॅनेजर साब, कॉम्प्युटर का वायर निकालिए. अब ये फोन दुकान के माइक के पास पकड़िए. पकड़ा?" मग घसा साफ करून, टॅक्सीच्या रांगेत उभ्या उभ्या, खणखणीत आवाजात तिने सांगितलं, "ग्राहकों से निवेदन है, ताजी हमूर आज खत्म हो गई है. कल सुबह फिर आएगी. कष्ट के लिए क्षमा करें."

सगळी रांग वळून बघत होती. तिने शांतपणे मोबाईल मला परत दिला आणि मुलीचा हात धरला. आमच्या मागे बॅगा घेऊन उभ्या असलेल्या एका गृहस्थांनी जरा पुढे वाकून, फार अदबीने विचारलं, "मॅडम, कौन सा सुपरमार्केट?"